खिशातले शेंगदाणे

वाईत, गणपती आळीपासून जवळच, एसटीतून रिटायर झालेल्या अण्णांचं घर होतं. दोन मुलगे, दोन सुना, आणि सगळ्यांत मिळून एक ऑल्टो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, टपावरचा रंग उन्हानं उडालेला. मुलगे ती आलटून पालटून वापरत आणि महिनाअखेरीला पेट्रोलवरून भांडत. गाडी एकच, पण थोरल्याच्या हातात लिटरला १४ द्यायची, धाकट्याच्या हातात १६.

कंपनीच्या कागदावर आकडा २२ चा होता. थोरला तो कागद सारखा काढून दाखवी. त्या आकड्यामागची चाचणी बंद जागेत होते, रोलरवर; गाडी उभ्या जागी धावते आणि तिला ना टमटम आडवी येत, ना म्हैस. पण हे थोरल्याला कोण सांगणार? त्यानं आधी पंपवाल्यावर संशय घेतला, मग मेकॅनिकवर. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. चौदाचे चौदाच.

धाकटा बचतवाला. ऐंशी पैशांनी स्वस्त मिळतं म्हणून ९ किलोमीटर लांबच्या पंपावर जायचा. २० लिटर भरलं की १६ रुपये वाचले, अशी नोंद वहीत. जाऊन-येऊन १८ किलोमीटरला लिटरभराहून जास्त पेट्रोल जळलं, शंभरावर रुपये गेले, ते वहीत नाही. पहाटेच्या गारव्यात पेट्रोल घट्ट असतं, असं कुणीतरी सांगितल्यापासून तो सहाच्या ठोक्याला पंपावर उभा असे. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिला पहाट काय आणि दुपार काय.

त्याची खरी हुशारी मात्र पसरणी घाटात. पाचगणीहून उतरताना तो गाडी न्यूट्रल करायचा. "फुकटात येते खाली," म्हणायचा. एकदा अण्णा शेजारी होते. अर्धा घाट उतरल्यावर जळका वास आला, ब्रेक पायाखाली खोल जायला लागला. कशीबशी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता, एवढी धग. अण्णा कठड्यावर टेकले. बराच वेळ खाली धोमचं पाणी बघत बसले.

"ज्या गिअरला चढलास, त्याच गिअरला उतरायचं," शेवटी म्हणाले. "इंजिन गाडीला धरून ठेवतं. तू त्याला सोडून दिलंस आणि सगळा भार ब्रेकवर टाकलास."

"पण अण्णा, पेट्रोल?"

गंमत म्हणजे पेट्रोलही वाचत नव्हतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की पेट्रोल बंद होतं; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना, पेट्रोल जळतंच. म्हणजे धाकटा पैसे देऊन जीव धोक्यात घालत होता. हे त्याला पटलं, पण वासानं पटलं, हिशोबानं नव्हे.

थोरल्याची गोष्ट अवघड होती. त्याला वास यायचा नाही.

एका शनिवारी अण्णांना डोळे दाखवायला पुण्याला जायचं होतं. निघण्याआधी त्यांनी चारी टायरांची हवा बघायला लावली. दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्यापेक्षा सहा-सात पौंड कमी निघाली. पंक्चर नाही ना, मग चालतंय, असं म्हणत आपण सगळेच महिनोन्महिने गाडी ओढत असतो. मग टाकी फुल केली, नळी पहिल्यांदा 'टक' म्हणेपर्यंतच, आणि ट्रिपचा आकडा शून्यावर आणला. अण्णांनी सुनेकडून खिसाभर खारे शेंगदाणे मागून घेतले आणि सदऱ्याच्या उजव्या खिशात टाकले.

सुरूर फाट्यावरून हायवेला लागले. थोरला ड्रायव्हिंगला वाईट नव्हता, घाईचा होता. ट्रकच्या ढुंगणाला लागायचा, ब्रेक, हॉर्न, फट मिळाली की दामटायची, पुढे दुसरा ट्रक, पुन्हा ब्रेक. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना ब्रेक, शिरवळला ब्रेक, खेड शिवापूरच्या टोलनाक्याची रांग अर्ध्या किलोमीटरवरून दिसत असताना तिथपर्यंत ९० नं जाऊन करकचून ब्रेक. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तर पाय ब्रेकवरून निघालाच नाही. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. नुसता हात हलत होता, उजव्या खिशातून डाव्या खिशात.

पुण्यात टाकी पुन्हा फुल केली. ८८ किलोमीटर, सव्वासहा लिटर.

"बघा! हवा भरून पण चौदाच!" थोरला म्हणाला.

अण्णांनी त्याची ओंजळ पुढे करायला लावली आणि डावा खिसा तिच्यात रिकामा केला. दाणे मावेनात, दोन-चार सीटखाली गेले.

"हे काय?"

"तू जितक्यांदा ब्रेक मारलास, तितके. हे तुझं पेट्रोल. गाडी पळवायला पेट्रोल जाळलंस, त्याचे पैसे दिलेस. ब्रेक मारलास, की तो वेग चाकाशी घासून नुसता गरम झाला, गेला. परत पळवायची तर परत पेट्रोल. पंपवाला चोरत नाही रे. पुढचं न बघणारा पाय चोरतो."

"मग काय ब्रेकच मारायचा नाही?"

"मारायचा तिथं दाबून मार. पण रांग दिसतीया, दिवा लाल दिसतोय, तरी तिथपर्यंत पळवत न्यायची आणि मग उभं राहायचं, हे कशाला? आधीच पाय काढ. आमच्या डेपोत केपीटीएल काढायचे, दहा लिटरला किती किलोमीटर. बस तीच, रूट तोच, आणि दोन ड्रायव्हरांचे आकडे निराळे. बसला कुणी विचारायचं नाही."

परत येताना थोरला फुगलेला होता. मुद्दाम हळू चालवायची, म्हणजे म्हाताऱ्याला कळेल, असं ठरवून त्यानं गाडी सत्तर-पंच्याहत्तरला धरली. वेग दीडपट केला की हवेचा रेटा सव्वादोनपट होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण इंजिनचा आवाज बदलला तो कानाला लागला. पुढच्या ट्रकच्या मागे त्यानं अंतर सोडलं. एक जीपवाला त्या अंतरात घुसला. थोरल्यानं शिवी दिली, पाय काढला आणि पुन्हा तेवढं अंतर सोडलं. शिरवळ मागे पडेपर्यंत राग उतरला होता आणि त्याला त्यात खेळासारखी गंमत वाटायला लागली होती. खंबाटकीचा घाट तो उसाच्या ट्रकमागून चढला, लांबून, एका लयीत. पलीकडे तिसऱ्या गिअरमध्ये उतरला.

सुरूर फाट्याला वळताना त्यानं विचारलं, "किती झाले, अण्णा?"

उत्तर नाही. अण्णांचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, हात उजव्या खिशात तसाच. एसटीतून उतरल्यापासून हा माणूस दुसऱ्या कुणाच्या गाडीत झोपलेला थोरल्यानं पाहिला नव्हता.

टाकी भरून ॲव्हरेज काढायचं ठरलं होतं. पण पंपाच्या तोंडाशी गतिरोधक होता. थोरल्यानं गाडी तशीच सरळ घराकडे नेली.