खटखट कुठून येते

रायफल रिकामी आहे, मॅगझीन काढलं आहे, चेंबर बघून झालं आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. मग डोळे मिटा. हातात एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल आहे, ईशापूरच्या कारखान्यातली, 7.62 मिलिमीटरची. धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 6 आहे, तिथल्या कुणाला हिची ओळख करून द्यावी लागणार नाही. जरा जड असते. तो भार हातांना जाणवू द्या.

डाव्या हाताने नळीकडची बाजू धरा, उजव्या हाताने ग्रिप. आता हलकेच पीळ द्या. खट्. पुन्हा द्या. खट्.

एवढ्यात मत बनवू नका. मन लगेच म्हणतं, खिळखिळी झाली, हिचा नेम काय लागणार! त्याला म्हणू द्या. आपण फक्त आवाजाच्या मागे जाऊ.

ही रायफल मधोमध उघडते. मॅगझीनच्या मागे, ट्रिगरच्या पुढे एक आडवी पिन आहे. तिच्यावर वरचा आणि खालचा रिसीव्हर एकमेकांत फिरतात, आणि मागच्या टोकाला एक खटका दोघांना धरून ठेवतो. वर्षानुवर्षं उघडझाप झाली, साफसफाई झाली, की पिन झिजते, खटका झिजतो. शिवाय थोडी फट मुळातच ठेवलेली असते. हजारो रायफली बनवायच्या, एकीचा भाग दुसरीला बसायला हवा, आणि वर आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. अगदी घट्ट बसवलेलं हत्यार पहिल्या वावटळीलाच रुसलं असतं.

आता सावकाश विचारा: ढिलं आहे ते कशाकशाच्या मध्ये?

नळी वरच्या भागात बसवलेली आहे, फोरसाईट नळीकडेच. पण बॅकसाईट? मनातल्या मनात अंगठा मागे सरकवा. ती खालच्या रिसीव्हरवर आहे. म्हणजे डोळा ज्या दोन खुणा एका रेषेत आणतो, त्यातली एक वर आणि दुसरी खाली. मधली फट थेट नजरेतच शिरली. या दोन खुणांत अंतर सुमारे 55 सेंटीमीटर. बॅकसाईट एक दशांश मिलिमीटर सरकली, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीइतकी, तर 300 मीटरवर फरक पडतो साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. या आकड्याजवळ थोडं थांबा.

मग ही रायफल खाली ठेवा आणि दुसरी उचला, अमेरिकी एआर धाटणीची. तिचेही दोन भाग, तेही दोन पिनांवर जोडलेले, आणि तीही खटखटते. पण इथे नळी, फोरसाईट, बॅकसाईट किंवा दुर्बीण, सगळं सहसा वरच्याच भागाच्या आधाराने असतं. खालच्या भागात ट्रिगर, मॅगझीन, मागे बट. आवाज तोच, पण बघणारं आणि गोळी सोडणारं यांच्यामध्ये फट नाही. तरी हौशी लोक दोन भागांत रबराची पाचर ठोकतात. आवाज जातो, मनाला बरं वाटतं. टार्गेटच्या कागदावर बहुधा काही बदलत नाही. गाल बटवर दर वेळी वेगळा टेकत असेल तर बदलतं, पण तो हिशेब पिनेकडे नाही, मानेकडे मागायचा.

खेळातली रायफल याच्या दुसऱ्या टोकाला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. तिथे ॲक्शन आणि बट यांच्यातला स्क्रू किती आवळला, यावर नेमबाज तास घालवतात, ते उगाच नाही.

आता गोळीकडे या. आपल्या जळगाव जिल्ह्यातच, भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध कारखान्यात लहान हत्यारांचा दारूगोळा बनतो. प्रत्येक काडतुसातली दारू, गोळीचं वजन, यांत केसभर फरक राहतोच, आणि तापलेल्या दारूने गोळी थोडी वेगाने सुटते. नळी झिजलेली असते. श्वास हलतो. पिनेवर सगळा दोष टाकण्याआधी ही मंडळीही समोर बसवा.

शेवटी मनानेच पाच गोळ्या झाडा, बट टेकलेली, घाई नाही. चालत टार्गेटपर्यंत जा. भोकं एकमेकांना चिकटून आहेत, पण मध्यापासून डावीकडे? मग साईट दर वेळी त्याच जागी येऊन बसते आहे. फट असली तरी ती इमानी आहे. बॅकसाईटचे दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून हे निस्तरतं. भोकं चौफेर विखुरली आहेत? तर रायफल उघडा, पुन्हा मिटा, खटका बसला का बघा, आणि आणखी पाच झाडा. तरीही विखुरलीच, तर ती दुसऱ्याच्या हाती द्या. त्याचीही भोकं विखुरली, तरच आर्मोररकडे न्या.