मिंधेपणाचा हिशेब

काल रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं विचारलं, "मावशी, फायनान्शियल फ्रीडम म्हणजे नक्की किती कोटी गं?" हिंजवडीत नोकरीला लागून तिला दीड वर्ष झालंय. ऑफिसात डबा खाताना रोज हाच विषय निघतो म्हणे. कुणी पाच कोटी म्हणतं, कुणी दहा, कुणी चाळिशीत नोकरी सोडून कोकणात घर बांधायचं म्हणतं. मी विरजण लावत होते, "सकाळी सांगते" म्हणाले. सकाळी चहा गाळताना आकडा काही आठवला नाही. आठवला तो आईच्या तोंडचा एक शब्द. मिंधं.

"कुणाचं मिंधं राहायचं नाही." आई हे उठताबसता म्हणायची. शेजारून आणलेली वाटीभर साखर असो की लग्नात आलेला भारी आहेर, तिचं माप हेच. मिंध्या माणसाला जेवायला मिळतं, अंगावर धड कपडे असतात, कधीकधी त्याचं बरं चाललेलंही दिसतं. फक्त ज्याचं घेतलं त्याच्यापुढे 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. आईला तो शब्द जपायचा होता.

वडील सातारच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. १९८७ च्या पावसाळ्यात गेले. मी तेव्हा दहावीत होते. तेरावं झाल्यावर काका माजघरात बसले आणि म्हणाले, "वहिनी, पोरीला आता पुढं शिकवून काय करणार? दोन वर्षांत लग्नाचं बघू. मी आहे की." काका मनाचे चांगले होते, शब्द दिला असता तर तो पाळलाही असता. पण पैसे त्यांचे आले असते, तर माझ्या आयुष्याचा निर्णयही त्यांचाच झाला असता. आई उठली, तांदळाच्या डब्यामागून पोस्टाचं पासबुक काढलं आणि त्यांच्यासमोर पाटावर ठेवलं. "भाऊजी, येत्या जूनला पाच वर्षं पुरी होतायत. हिच्या कॉलेजचं त्यात भागेल. तुम्ही येत-जात राहा, तेवढा आधार खूप आहे." त्या पासबुकात महिन्याला पन्नास रुपये पडत होते. सगळी मिळून रक्कम चार हजारांच्या आसपास. काकांनी ते उघडून पाहिलं, मिटलं, आणि पुन्हा तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

ते पन्नास रुपये दर महिन्याला कसे जात, ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अल्पबचतीच्या बाई येत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या त्या एजंट, पण त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नसे. कापडी पिशवी, चपला दारात, उंबऱ्याच्या आत एक पाय. आई ब्लाउज शिवून आलेल्या पैशांतून दहा-दहाच्या पाच नोटा मोजून द्यायची, बाई कार्डावर सही करून द्यायच्या. आईच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याच्या पानावर पहिली ओळ असायची: पोस्ट ५०. वाणी, दूध, रॉकेल, माझी फी, सगळं त्याखाली. महिनाअखेरीला उरलं तर टाकू, असं ती कधीच म्हणाली नाही, कारण उरत काहीच नसे. भाचीनं उद्या कधी पुस्तकं वाचून बचतीचे नियम शिकले, तरी त्या पहिल्या ओळीपेक्षा मोठं काही तिला सापडेल असं मला वाटत नाही.

भाचीच्या प्रश्नाला आकड्यातलं उत्तरही आहे, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या विल्यम बेन्गेन नावाच्या आर्थिक सल्लागारानं १९९४ मध्ये हिशेब मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी साठवलेल्या पुंजीतले चार टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत न्यायचे, तर पुंजी तीस वर्षं टिकते. यातूनच 'वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट' हा सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा आला. पण तो हिशेब तिकडच्या बाजाराचा, तिकडच्या महागाईचा, आणि साठीनंतरच्या तीस वर्षांचा. आपल्याकडे महागाई सहा टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, आज तीस हजारांत चालणाऱ्या घराला तेव्हा साठ हजार लागतात. चाळिशीत थांबणाऱ्याला तर पुढची पन्नास वर्षं काढायची असतात. म्हणून मी पंचवीसवर थांबत नाही, निदान तीस पट धरते. महिना तीस हजार म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार, त्याच्या तीस पट म्हणजे एक कोटी आठ लाख.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. महिन्याचा एक हजाराचा खर्च मनापासून नकोसा झाला आणि कायमचा सुटला, तर लागणारी पुंजी तीन लाख साठ हजारांनी कमी होते. एवढे पैसे साठवायला किती वर्षं जातात ते ज्यानं साठवले त्याला माहीत. म्हणून कोटी मोजायच्या आधी महिन्याला आपल्याला खरोखर किती लागतं, ते माहीत हवं.

आणि त्याच्याही आधी देणं. आपल्या मुलखात मिंधेपणा कागदावर लिहिलेला असायचा. देहूच्या तुकोबांच्या घरी पिढीजात महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी कुळांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आणि बुडवण्याआधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाटणीची अर्धी खतं त्याच्या हाती दिली, असं परंपरेनं सांगतात. मला त्या कथेत तो अर्धा वाटा फार मोलाचा वाटतो. पाण्यात सोडलं ते स्वतःचं. भावाच्या संसाराला हात लावला नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. बहुतेक ठिकाणी त्यांना हवे होते ते रोखे आणि खतं. ती हाती लागली की जाळून टाकायची. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला.

आता तो कागद फोनमध्ये असतो, म्हणून जाळता येत नाही आणि दिसतही नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. 'किमान देय रक्कम' भरली की मेसेज येणं थांबतं, व्याज चालूच राहतं. एकीकडे ही थकबाकी आणि दुसरीकडे महिना दोन हजारांची एसआयपी, असं चालवणारी हुशार, शिकलेली मुलं मी पाहते तेव्हा जीव कळवळतो. भोकाचं भांडं भरत बसलीत ती. अशी गुंतवणूक कुठली आहे जी दरवर्षी, न चुकता, चाळीस टक्के देईल?

पैशानं येणारा मिंधेपणा एक, आणि भिडेनं येणारा दुसरा. भीड भिकेची बहीण, हे आईचं आवडतं वाक्य, आणि तरी मी त्यात सापडले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, नात्यातले एक गृहस्थ विम्याचा फॉर्म घेऊन आले. कर वाचेल, पैसे परत मिळतील, वर विमा. नाही कसं म्हणायचं? वीस वर्षं हप्ते भरले. हाती आलेल्या रकमेचा हिशेब मांडला तर वर्षाला पाच-साडेपाच टक्के सुटले, आणि ती वीस वर्षं आमचा विमा इतका तुटपुंजा होता की काही बरंवाईट झालं असतं तर दोन वर्षंही घर चाललं नसतं. विमा हा कुटुंबाला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून घ्यायचा, आणि त्यासाठी साधा मुदतीचा विमा पुरतो. मुदत संपल्यावर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तर तो स्वस्त असतो. घेताना एक गोष्ट विचारावी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे. नवऱ्यानं त्याखाली बायकोमुलांच्या नावे विमा घेतला, तर ती रक्कम त्यांचीच राहते, नवऱ्याचे सावकार तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. दीडशे वर्षं जुना कायदा, आणि एजंट क्वचितच त्याचं नाव काढतात.

पीपीएफलाही असंच एक कवच आहे. १९६८ पासून चालत आलेली ही योजना लोक करासाठी ओळखतात. पण त्यातले पैसे खातेदाराच्या कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमानेही जप्त होत नाहीत, हे मला तिचं खरं मोठेपण वाटतं. व्याज मोजताना पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरतात, म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरावेत. अल्पबचतीच्या बाई नेमक्या पहिल्या आठवड्यातच यायच्या, तेव्हापासून ती तारीख माझ्या अंगात भिनलेली आहे. आज एप्रिलची तीन आहे. माझं काम कालच झालं.

शेअर बाजाराबद्दल माझं मत एवढंच, की ज्याला पुढच्या महिन्यात पैसे लागणार आहेत तो बाजाराचाही मिंधा असतो. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात नऊ हजारांच्या खाली उतरला. मार्च २०२० मध्ये बेचाळीस हजारांवरून दोन महिन्यांत सव्वीस हजारांपर्यंत आला. दोन्ही वेळा तो पुढे सावरला, पण सावरेपर्यंत थांबणं कुणाला परवडलं? ज्याच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला होता, त्याला. म्युच्युअल फंड कुठला, हे भाची मला विचारते. तो सहा महिन्यांचा खर्च कुठे ठेवलाय, हे मी तिला विचारते.

आणि तो एकाच ठिकाणी ठेवू नये. आमच्या सासऱ्यांनी निवृत्तीची जवळजवळ सगळी रक्कम एका सहकारी बँकेत ठेवली होती, दीड टक्का व्याज जास्त म्हणून. एके दिवशी त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सकाळी शटर अर्धं वर, बाहेर रांग, रांगेत बहुतेक सगळे सत्तरीचे, कुणाच्या हातात औषधाची चिठ्ठी. स्वतःचेच पैसे मागायला ते हात जोडून उभे होते. तो दिवस मी विसरू शकत नाही. तेव्हा ठेवींना विम्याचं संरक्षण फक्त एक लाखापर्यंत होतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत ती रक्कम ठेवीदाराला मिळायला हवी. हे आकडे घराघरांत वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या पावत्या समोर पसरून सांगायला हवेत. पावत्यांवर नॉमिनीचं नाव लागलंय का, तेही त्याच वेळी बघावं.

चहा घेऊन भाचीजवळ बसले. म्हटलं, "कोटींचं नंतर. महिन्याला तुला किती लागतं?"

ती बोटांवर मोजायला लागली. खोलीचं भाडं, मेसचा डबा, पेट्रोल, घरी आईला पाठवते ते, फोनचा हप्ता. तिथे ती अडकली.

"आणि?"

"कार्डाचे थोडे आहेत बाकी."

"थोडे म्हणजे?"

तिनं फोन उघडला, बराच वेळ काहीतरी शोधत राहिली, मग स्क्रीन माझ्याकडे न वळवताच म्हणाली, "बावन्न हजार."

साडेतीन टक्क्यांनी महिन्याला अठराशे वीस रुपये. आईच्या पन्नास रुपयांच्या हप्त्यांची तीन वर्षं. मी हे बोलले नाही. फडताळातून एक कोरी वही काढली, पहिलं पान तिच्यासमोर धरलं आणि पेन दिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घालून पहिल्या ओळीवर लिहिलं: कार्ड ५२,०००.