पार्टीत बोलण्याजोगं

लॉरेन्स मॉर्ली हा कॅनडाच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला शास्त्रज्ञ. १९६३ मध्ये त्याने एक छोटा लेख 'नेचर'ला पाठवला. जागा नाही, असं कळवून त्यांनी तो परत केला. मग तो 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'कडे गेला. तिथल्या परीक्षकाचं मत साधारण असं होतं, की असल्या कल्पना कॉकटेल पार्टीत बोलायला ठीक, गंभीर नियतकालिकात छापायला नाहीत.

कल्पना बरोबर होती.

समुद्राखालच्या डोंगररांगांच्या फटीतून लाव्हा वर येतो. तो थंड होताना त्यातले लोहयुक्त कण पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. शेवटचं उलटलं ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. नवा तळ तयार होत जुना दोन्हीकडे सरकत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे उमटायला हवेत, बारकोडसारखे. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात: नवी नोंद जोडता येते, जुनी बदलता येत नाही. (तळ दुसऱ्या प्लेटखाली गेला की नोंदही जाते म्हणा.) एकाच वयाचे दोन बाजूंचे पट्टे परत एकमेकांना चिकटवून पाहिले, की तेव्हा प्लेट कुठे होत्या ते कळतं. सह्याद्रीचा काळा दगड थिजत होता त्या सुमारास भारत वर्षाला १५ सेंटीमीटरच्या पुढच्या वेगाने उत्तरेकडे पळत होता, हे हिंदी महासागराच्या तळावरचे असे पट्टे वाचूनच समजलं.

हीच कल्पना सप्टेंबर १९६३ मध्ये 'नेचर'मध्येच छापून आली. लेखक केंब्रिजचे: फ्रेड वाइन हा २४ वर्षांचा संशोधक विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज. त्यांची मोजमापं होती अरबी समुद्राच्या दक्षिणेकडच्या कार्ल्सबर्ग रांगेवरची.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'प्रस्थापितांनी प्रतिभेला दाबलं' अशी सांगितली जाते. मला हे सांगणं फार सोपं वाटतं. १९६३ मध्ये पुरावा होता किती? क्षेत्र उलटतं की दगडच तसे वागतात, यावरही एकमत नव्हतं. वाइन-मॅथ्यूज छापले गेले, पण त्यांच्यावरही फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. शिवाय त्याच काळात ब्रूस हीझनसारखा समुद्रतळाचा मोठा जाणकार म्हणत होता, की पृथ्वीच फुगतेय. ती कल्पना चुकीची निघाली. टेबलावर दोन्ही लेख ठेवले असते, तर परीक्षकाने निवड कशाच्या जोरावर करायची? बरोबर असणं आणि आपल्यावर विश्वास ठेवा असं म्हणण्याचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कमवावी लागते, आणि मॉर्लीने ती तेव्हा पुरती कमावली नव्हती, असं मला वाटतं.

मग परीक्षकाचं चुकलं काय? न पटणं हा त्याचा हक्कच होता. पण नाकारणाऱ्यावर एक जबाबदारी येते: काय दाखवलंस तर मी मान्य करेन, ते सांगण्याची. मॉर्लीच्या कल्पनेत तपासणी तयारच होती. रांगेच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांचं प्रतिबिंब आहेत का, बघा. 'हे मोजून आण' असं एक वाक्य पुरेसं होतं. टिंगल केली की समोरच्याला करायला काही कामच उरत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये नुसता हसरा इमोजी टाकून नकार देणारे वरिष्ठ ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मोजून आणलं ते न्यूयॉर्कच्या लॅमाँट संस्थेने, जिथे या कल्पनेवर विश्वास ठेवणारे फार थोडे होते. 'एल्टानिन' जहाजाच्या एका फेरीत दक्षिण प्रशांत महासागरातल्या रांगेवरून मिळालेला चुंबकीय आलेख डावीकडून वाचा की उजवीकडून, जवळजवळ सारखाच होता. १९६६ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि विरोधाची हवा पाहता पाहता गेली. लॅमाँटमधल्या साशंक मंडळींनी स्वतःचंच मत मोडणारा आलेख छापला, याचं कौतुक मात्र फारसं होत नाही.

वाइन आणि मॅथ्यूज यांनी मॉर्लीचं काही घेतलं नव्हतं. ते स्वतंत्रपणे तिथे पोचले होते. मॉर्लीच्या मांडणीचा काही भाग १९६४ मध्ये कॅनडात छापून आला. आता पुस्तकांत पुष्कळदा 'वाइन-मॅथ्यूज-मॉर्ली' असं लिहितात. मॉर्लीचं नाव शेवटी.