यादीतली रिकामी ओळ



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या धर्मग्राम कचेरीत पाकिटे येऊ लागतात. घरातील मृतांची नावे कागदावर लिहून आपण ती वेदीपाशी ठेवतो आणि महिनाभर पवित्र मिस्सामध्ये त्यांची आठवण करतो. मागच्या वर्षी असेच एक पाकीट माझ्या हाती आले. आजोबा, आजी, वडील, आई, दोन भाऊ, सगळ्यांची नावे नीट लिहिलेली. शेवटच्या ओळीत मात्र नाव नव्हते. नुसते लिहिले होते, ‘पप्पांची बहीण’.

यादी देणाऱ्या मावशी आपल्या ट्रॉम्बे गावठाणातल्याच. वय सत्तरीच्या पुढे. मी विचारले, “मावशी, नाव लिहायचे राहिले का?”

“राहिले नाही फादर, ठाऊकच नाही. तिला रोग झाला होता. पप्पा लहान असताना तिला कुठल्या तरी होममध्ये नेऊन ठेवली. विचारले की आजी म्हणायची, वारली ती. पण पप्पा शेवटच्या आजारात म्हणाले, ती तेव्हा वारली नव्हती, मी तिला भेटायला गेलो नाही.”

कोणता रोग हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना तो शब्द न उच्चारताही कळतो. मुंबईत बेघर कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्याला १८९० मध्ये महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांनी आश्रम उघडला. आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. आपल्या ट्रॉम्बेतही एदलजी फ्रामजी अल्ब्लेस यांच्या नावाचे कुष्ठधाम होते. आज हा आजार औषधाने पूर्ण बरा होतो. तेव्हा माणूस तिकडे गेला की घर त्याच्यामागे दार लावून घेई.

आणि दार काही एकाच रोगापायी लागत नव्हते. लग्नाआधी दिवस राहिलेली मुलगी, डोक्याने अधू भाऊ, मूल नसलेली विधवा काकू, आईबाप गेलेली पोरे. अशांसाठी या शहरात किती छपरे उभी राहिली! माहीमची डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योगशाळा १८५७ ची. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ मध्ये सुरू झाले ते देशी मुलांचे अनाथालय म्हणून. बेघर गोऱ्यांसाठी तर इंग्रज सरकारने १८७४ च्या कायद्याखाली वर्कहाऊस चालवले. अंधेरीचे सेंट कॅथरिन्स होम, महालक्ष्मीचे वृद्धाश्रम, शेजारच्या मानखुर्दचे बालगृह, चेंबूरचे भिक्षेकरी गृह, ही नावे तर आपल्या रोजच्या बोलण्यातली. भीक मागताना पकडलेल्या माणसाला १९५९ च्या कायद्याने पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे अशा गृहात ठेवता येत असे. घरच्यांना ते कळतही नसे, किंवा कळून न कळल्यासारखे केले जाई.

संत लूकच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू हरवलेल्यांचे तीन दाखले सांगतो. मेंढरू रानात हरवले. धाकटा मुलगा आपल्या पायांनी दूर देशी गेला. पण नाणे? नाणे घरातच हरवले. त्याला पाय नव्हते. कुणाच्या तरी हातून पडले, केरात गेले. म्हणून ती बाई रानात जात नाही. दिवा लावते आणि आपले स्वतःचे घर झाडते. मावशींची आत्या मला त्या नाण्यासारखी वाटते. ती हरवली नव्हती, घराने तिला हरवले होते.

तेव्हा आम्ही झाडायला घरापासूनच सुरुवात केली. पप्पांचा स्नानसंस्कार कोणत्या चर्चमध्ये झाला, त्यांच्या मागेपुढे पाच-सहा वर्षांत त्याच आईवडिलांची आणखी कोणती लेकरे तिथे आणली गेली, हे पाहायचे. जुनी रजिस्टरे वाचणे सोपे नाही. घरी जी फिलू ती वहीत फिलोमिना, जो इनास तो इग्नेशियस. आडनावाची अक्षरे दर फादरच्या हाताने बदलतात. पण एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समास सोडलेला असतो. माणसाचे लग्न पुढे कुठेही होवो, तिथल्या धर्मगुरूने मूळ चर्चला कळवायचे आणि ते या समासात लिहायचे, असा नियम १९०८ पासून लागू आहे. दृढीकरण, धर्मभगिनीचे व्रत, हेही तिथेच येते. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठीही ती कोरी जागा ख्रिस्तसभा राखून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद सापडली. आईवडील तेच, गाव तेच, पप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठी. नाव होते, गॉडमदरचे नाव होते. समास मात्र कोरा होता. मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

पुढचे धागे अजून जुळलेले नाहीत. मृत्यूची नोंद जिथे दफन झाले तिथल्या वहीत असते, आणि कुठले होम तेच ठाऊक नाही. मुंबईत जागा कमी. काही वर्षांनी त्याच कबरीत दुसऱ्याला ठेवतात. दगड मिळेल ही आशा आम्ही धरलेली नाही. कुठल्या तरी वहीतली एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

इथे आपल्या ख्रिस्तसभेविषयीही खरे बोलले पाहिजे. महालक्ष्मीचा वृद्धाश्रम चालवणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ यांची संस्थापिका संत जान जुगान. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या म्हातारीला घरी आणले आणि आपला बिछाना तिला दिला. संस्था सुरू झाली ती अशी. पण १८४३ मध्ये एका धर्मगुरूने तिला प्रमुखपदावरून दूर केले आणि स्वतःलाच संस्थापक म्हणवून घेतले. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ती आपल्याच मठात अशी राहिली की ही म्हातारी कोण हे नव्या मुलींना ठाऊक नव्हते. १८७९ मध्ये ती वारली. जुनी कागदपत्रे तपासल्यावर सत्य बाहेर आले आणि २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संत घोषित केले. आयर्लंडमधल्या ट्युअम गावची गोष्ट याहून कठीण. तिथे धर्मभगिनींच्या होममध्ये १९२५ ते १९६१ या काळात ७९६ बालके दगावली आणि बहुतेकांच्या दफनाची नोंदच नव्हती. कॅथरीन कॉरलेस या तिथल्याच बाईंनी मृत्यूच्या नोंदी एकेक करून मिळवल्या, २०१४ मध्ये ती यादी जगापुढे आली, आणि २०२५ मध्ये तिथे उत्खनन सुरू झाले. तेव्हा आपल्या संस्थांच्या कपाटांतून वाळवी लागलेल्या वह्या असतील तर त्या सांभाळा, अशी माझी सर्व संस्थाचालकांना हात जोडून विनंती आहे.

शोध घेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. सापडलेला माणूस आपल्या मालकीचा होत नाही. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर आपल्या मूळ घराचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. पण मूल स्वाधीन करणाऱ्या आईची गुप्तता कायदा जपतो, आणि ते योग्यच आहे. तिने ते दिवस कसे काढले हे आपल्याला काय ठाऊक? काउंटरवरच्या सिस्टरशी भांडू नका. मोबाईलवर फोटो फिरवू नका. मावशींच्या घरातल्या एका तरुणाला हे पटायला जरा वेळ लागला.

यंदा मावशींचे पाकीट पहिल्याच दिवशी आले. यादी तीच, हस्ताक्षर तेच. ‘पप्पांची बहीण’ हे शब्द आता कंसात गेले आहेत आणि त्यांच्या आधी पूर्ण नाव आहे. क्रमही बदलला आहे. ते नाव पप्पांच्या वर लिहिले आहे, कारण ती मोठी होती. नाव मी इथे छापत नाही, ते त्यांच्या घरचे आहे. पाकीट वेदीपाशी ठेवले आहे.