दुःखाचा तराजू कोणाच्या हाती?

पवित्र शास्त्रातील ईयोबाची कथा आपण अनेकदा ऐकतो. मात्र सहाव्या अध्यायाच्या आरंभी त्याने केलेली एक मागणी आपल्या ध्यानातून सहसा निसटते. संपत्ती गेली, मुले गेली, देह फोडांनी भरला. अशा अवस्थेत ईयोब मित्रांजवळ तराजू मागतो. आपले क्लेश कोणीतरी पारड्यात घालून पाहावेत, ते समुद्राच्या वाळूहून जड भरतील, असे त्याचे म्हणणे आहे. दुःखाचे मोजमाप करणे म्हणजे दुःखिताचा अपमान, असे आपण मानतो. येथे तर दुःखी मनुष्य स्वतःच माप मागत आहे!

आपल्या काळात असे तराजू प्रत्यक्षात तयार झाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील लेनोर रॅडलॉफ यांनी 1977 साली 'सीईएस-डी' नावाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 20 विधाने आहेत. गेल्या आठवड्यात झोप नीट लागली नाही, भूक मेली, रडू आले, एकटे वाटले, असे किती वेळा घडले, हे सांगायचे. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण गुण 60. 16 वा अधिक गुण भरले तर त्या व्यक्तीकडे लक्ष द्यावयास हवे, असा संकेत. साधन साधे, स्वस्त आणि उपयुक्त असल्याने ते जगभर पसरले. परंतु उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांच्या किशोरवयीन मुलामुलींसमोर ते ठेवले गेले, तेव्हा काही प्रश्न उभे राहिले. ते केवळ मानसशास्त्राचे नाहीत; नीतीचेही आहेत.

पहिला प्रश्न शब्दांचा. स्पेरो मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली ॲरिझोनातील होपी लोकांमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य वैद्यक ज्याला 'डिप्रेशन' म्हणते, त्याला होपी भाषेत एक शब्द नव्हता. त्याऐवजी मनाच्या निरनिराळ्या पीडा होत्या : काळजीचा आजार, असुख, हृदयभंग, नशा चढल्यासारखे वेडेपण, आणि रुसून तोंड फिरवून बसणे. त्याहून मार्मिक गोष्ट अशी, की अपराधीपणा, लाज आणि पाप या तिन्हींचा उल्लेख एकाच प्रश्नात करणे होपींना मान्य होईना. त्यांच्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांना तीन वेगळे प्रश्न हवे होते. पापनिवेदन ऐकणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला होपींचे म्हणणे तत्काळ पटेल. लाजेने खचलेल्या माणसाला आपण पापाची क्षमा देऊन परत पाठवले, तर त्याची लाज तशीच राहते.

दुसरा प्रश्न सत्याचा. लोक आपल्याशी स्नेहाने वागत नाहीत, असे वाटले का, या आशयाचे एक विधान त्या प्रश्नावलीत आहे. 'होय' म्हटले की खिन्नतेचे गुण वाढतात. परंतु गावाबाहेरच्या दुकानात ज्याच्यावर चोर समजून पाळत ठेवली जाते, त्या मूलनिवासी मुलाने 'होय' म्हटले, तर ते आजाराचे लक्षण की वस्तुस्थितीचे कथन? अन्यायाची साक्ष आपण लक्षणांच्या यादीत घातली, की अन्याय करणारा सुटतो आणि सोसणारा रुग्ण ठरतो.

तिसरा प्रश्न मूल्यांचा. मानववंशशास्त्रज्ञ थेरेसा ओ'नेल यांनी मॉन्टानातील फ्लॅटहेड राखीव क्षेत्रात राहून 1996 साली एक ग्रंथ लिहिला. तेथील लोकांत एकाकीपणाच्या दुःखाला नैतिक अर्थ आहे, असे त्यांना आढळले. गेलेल्या माणसांसाठी, हरवलेल्या जीवनासाठी झुरणे ही तेथे परिपक्व मनाची खूण असू शकते. तेव्हा एकाकीपणाचे सगळेच गुण रोगाच्या खात्यात कसे मांडावेत?

आणि चौथा प्रश्न काळाचा. एकाच मुलाला अकराव्या वर्षी आणि पुन्हा सतराव्या वर्षी तीच विधाने वाचून दाखवली आणि गुण वाढले, तर त्याचे दुःख वाढले असे म्हणता येईल काय? 'एकटे वाटले' म्हणजे अकराव्या वर्षी कदाचित खेळायला कोणी नव्हते. सतराव्या वर्षी त्याच शब्दांत आजीबरोबर मावळलेली भाषाही आलेली असेल. माझे आजोबा सांगत, की सावकाराची भात घेण्याची पायली मोठी आणि देण्याची लहान. पायलीच बदलत असेल तर धान्य वाढले की माप, हे कसे ठरवावे? म्हणून संशोधकांना आधी माप तपासावे लागते : ती विधाने दोन्ही वयांत एकमेकांशी त्याच रीतीने जोडलेली राहतात काय, आणि तितक्याच दुःखाला तितकेच गुण देतात काय. हे सिद्ध झाल्यावाचून केलेली तुलना म्हणजे दोन पायल्यांचा हिशेब. सेमिनरीत आम्ही शिकलेले एक जुने सूत्र येथे आठवते : जे ग्रहण केले जाते, ते ग्रहण करणाऱ्याच्या रीतीनेच ग्रहण केले जाते.

मग मोजमाप सोडूनच द्यावे काय? हा मोह फार गोड आहे. 'त्यांची संस्कृती वेगळी, त्यांचे मन आपल्याला कळणार नाही' असे नम्रपणे म्हणावे आणि हात झटकावेत. पण कॅनडाच्या सांख्यिकी विभागानुसार 2011 ते 2016 या काळात 'फर्स्ट नेशन्स' लोकांत आत्महत्येचे प्रमाण दर लाखामागे 24.3 होते, मूलनिवासी नसलेल्या लोकांत ते 8.0 होते. एप्रिल 2016 मध्ये जेम्स उपसागराकाठच्या ॲटवापिस्कॅट या छोट्या क्री वस्तीने, एकामागून एक झालेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांमुळे आणीबाणी जाहीर केली. त्यांत अनेक कोवळी मुले होती. माप चुकीचे आहे म्हणून वजनच नाही, असे कोण म्हणेल?

मी हे काठावर उभा राहून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका मातेने आपल्या अबोल झालेल्या मुलाविषयी मला विचारले होते. "वयच तसे आहे बाई, जाईल," असे सांगून मी मिस्साची घंटा झाली म्हणून निघून गेलो. तो मुलगा वाचला, पण माझ्यामुळे नव्हे. त्याच्या शाळेतील एका शिक्षिकेने वेळीच चार साधे प्रश्न विचारले म्हणून. ते प्रश्न मला का सुचले नाहीत, याचे उत्तर मी अद्याप शोधतो आहे.

आणि येथे आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध येतो. कॅनडातील निवासी शाळांत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुले नेण्यात आली. त्यांतील बहुसंख्य शाळा कॅथलिक संस्था चालवीत. ॲटवापिस्कॅटची मुलेही फोर्ट अल्बनी येथील सेंट ॲन शाळेत पाठवली जात. भाषा तोडली, केस कापले, अनेकांवर अत्याचार झाले. 25 जुलै 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातील मास्क्वासिस येथे जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. त्या शाळांतही मोजमाप चालतच असे : हजेरी, वजन, गुण, पाठ प्रार्थना. केवळ मुलाचे दुःख कोणी मोजले नाही.

तराजू योग्य रीतीने कसा धरावा, याचे एक उदाहरण आहे. लेस व्हिटबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 पासून, अमेरिका व कॅनडाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या एका मूलनिवासी समाजातील सातशेहून अधिक मुलांना दहा-बारा वर्षांच्या वयापासून आठ वर्षे, दरवर्षी भेटून पाहिले. त्या वस्त्यांची संमती आधी घेतली. सल्लागार वस्तीचे, प्रश्न विचारणारेही वस्तीचेच. त्याच परंपरेत 2004 साली आणखी एक मापिका प्रसिद्ध झाली. तिच्यात भूक व झोप यांऐवजी जमीन, भाषा, निवासी शाळांनी तोडलेली कुटुंबे यांचा विचार मनात किती वेळा येतो, हे विचारले जाते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की अकरा ते तेरा वर्षांची मुले या हानीचा विचार त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रियांइतक्याच, किंबहुना अधिक वेळा करतात, आणि या विचारांचा त्यांच्या खिन्नतेशी संबंध आहे. जे घडले ते या मुलांनी पाहिलेही नव्हते. हे ज्ञान मोजल्याशिवाय हाती आले नसते.

मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालाँड यांनी 1998 साली ब्रिटिश कोलंबियातील सुमारे दोनशे समाजगटांविषयी जे मांडले, तेही विचार करण्यासारखे आहे. 1987 ते 1992 या काळात त्यांतील निम्म्याहून अधिक गटांत एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. जेथे जमिनीचा हक्क, स्वशासन, शिक्षण, आरोग्य, संस्कृतीची केंद्रे, सुरक्षा ही सूत्रे लोकांच्या स्वतःच्या हाती अधिक होती, तेथे तरुण अधिक वाचले. म्हणजे दुःख मुलाच्या मनात मोजले, तरी त्याचे कारण अनेकदा वस्तीच्या जमिनीत सापडते.

तेव्हा दुःख मोजणे हे पाप नव्हे. आपल्या पायलीने मोजून तेच सत्य समजणे हे पाप, आणि न मोजता निघून जाणे हेही पाप. ज्याचे दुःख आहे त्याला वजने निवडू द्यावीत, दरवर्षी माप पुन्हा तपासावे, आणि आकडा हाती आल्यावर तेथून हलू नये.

ईयोबाचे मित्र प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले होते. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि आपल्याच तराजूने त्याला दोषी ठरवले. ते सात दिवस बसून राहिले, हे त्यांचे मोठेपण होते. त्यानंतर त्यांनी त्याला एवढेच विचारावयास हवे होते : "ईयोबा, वजने कोणती घालू?"