रथाचे रथपण

रथातून आलेल्या मिलिंद राजास भिक्षू नागसेनाने, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे एकेक करून विचारले, तेव्हा या अवयवांच्या परस्परसंबंधावरूनच रथ हे नाव व्यवहारात चालते, असे राजास म्हणावे लागले. आणि कोणते अवयव बदलल्यावर वस्तू तीच राहत नाही, या रूपाने हाच प्रश्न १९६९ साली विक्रीस आलेल्या ट्रायम्फ टीआर६ या इंग्लिश मोटारीच्या मालकांपुढे आजही उभा आहे.

या मोटारीत विजेचा पंप पेट्रोलला दर चौरस इंचास १०० पौंडांहून अधिक दाब देतो, आणि ल्युकस कंपनीच्या मापन-यंत्रात एक लहानसा धोटा मागेपुढे सरकत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचे पेट्रोल मोजून देतो. त्या धोट्याने किती सरकावे याची मर्यादा मात्र इंजिनाच्या श्वासाने निर्माण होणारी पोकळी ठरवते. कोणत्याही विद्युत्-मेंदूवाचून, केवळ धातूच्या सूक्ष्म घडणीने, यंत्र स्वतःची गरज स्वतः जाणते, हे मला विलक्षण वाटते. परंतु उन्हाळ्यात पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, गाडी रस्त्यातच थांबते; आणि मग त्रासलेला मालक ही सारी व्यवस्था उतरवून वेबरचे कार्ब्युरेटर बसवतो.

त्याची तक्रार खोटी नाही. शिवाय अमेरिकेच्या धूरनियंत्रणाच्या कायद्यापायी तिकडच्या गाड्यांस कारखान्यानेच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बसवले होते, हा दाखलाही त्याच्या बाजूचा आहे. तथापि त्या गाड्यांच्या इंजिनाचे दाबप्रमाणही कमी ठेवलेले होते, म्हणजे तेथे अवयवांचा संबंधच आरंभापासून निराळा जुळवलेला होता. तापणारा पंप काढून बॉशचा पंप बसवणाऱ्यास मी दोष देणार नाही, कारण अवयव बदलला तरी संबंध अबाधित राहतो. मापन-यंत्र काढले की श्वास आणि अन्न यांमधील तो संबंधच तुटतो, आणि नागसेनाच्या कसोटीने पाहता उरते ती दुसरी मोटार. बहुतेक वेळा बिघाड यंत्राच्या मूळ कल्पनेत नसून ती जाणणाऱ्या हातांच्या दुर्मीळतेत असतो. आणि इंग्लंडात ही यंत्रे उघडून, झिजलेल्या रबरी कड्या बदलून, पुन्हा जुळवून देणारे कारागीर अद्याप आहेत.

ज्यास तेवढी ऐपत वा सवड नाही, त्याने खुशाल कार्ब्युरेटर बसवावेत. मात्र उतरवलेले मापन-यंत्र, सहाही फवारे आणि नळ्या भंगारात न घालता तेल लावून जपाव्यात आणि गाडी विकताना दस्तऐवजांसह पुढच्या मालकाच्या स्वाधीन कराव्यात, कारण आपला निर्णय फिरवण्याचा त्याचा हक्क हिरावून घेण्याची मुखत्यारी आपणांस कोणी दिलेली नाही.