‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्सच्या गाभ्यावर चालणारी मुक्त प्रणाली मी बसवली, त्या रात्री पडद्याच्या कोपऱ्यातील वायफायची यादी रिकामीच राहिली. आणि त्याच टेबलावर हातभर अंतरावर पडलेला मोबाइल मात्र घरच्या राउटरचे एक आणि शेजाऱ्यांची चार अशी पाच नावे दाखवीत होता. मोबाइल शेजारी नसता तर ‘येथे नेटवर्कच नाही’ असा निवाडा देऊन मी झोपी गेलो असतो, आणि तो निवाडा किती निराधार आहे याची शंकाही मला आली नसती. जे दिसत नाही ते नाही, असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न त्या रिकाम्या यादीने माझ्यापुढे उभा केला.

प्रश्न नवा नाही. भूतलावर घट नाही हे आपण कशाने जाणतो, याविषयी आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद केला. नैयायिक म्हणाले, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिलांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती म्हणाले, त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले पाहिजे. परंतु एका अटीविषयी उभयपक्षी एकवाक्यता होती: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, इतकी पाहणाऱ्याची आणि परिस्थितीची योग्यता आधी सिद्ध झाली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून घटाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत ईश्वरकृष्णाने, असलेली वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत, आणि बिनतारी जोडणीचा तपास करणाऱ्याने हाती धरावी अशी याहून चांगली यादी मला ठाऊक नाही. वस्तू फार दूर असते, जसा दोन मजले खालचा राउटर. किंवा फार जवळ असते, आणि काखेत कळसा असताना आपण गावाला वळसा घालतो, जशी लॅपटॉपच्या कडेला तळहाताखालीच असलेली, चुकून सरकली की रेडिओ बंद पाडणारी कळ. इंद्रियच निकामी असते, जसे तार तुटलेल्या अँटेनाचे कार्ड. अथवा मन अन्यत्र असते, जसे एखाद्या जुन्या लेखी सूचनेमुळे कार्ड दुसऱ्याच कारभाऱ्याच्या हवाली राहते आणि नेटवर्क मॅनेजर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वस्तू इंद्रियाच्या मानाने सूक्ष्म असते, जशी केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जाणणाऱ्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झची लहर. मध्ये आडपडदा असतो, जशी सिमेंटची भिंत. दिवसा तारे लोपावे तशी ती प्रबळापुढे झाकोळते, जसा त्याच २.४ च्या पट्ट्यात गळती असलेल्या मायक्रोवेव्हपुढे क्षीण संदेश. किंवा सजातीयांत मिसळून जाते, जशी एकाच चॅनेलवर गर्दी करणाऱ्या वीस राउटरांच्या कोलाहलात आपल्या राउटरची हाक. वाचस्पतिमिश्रांनी या कारिकांवरील आपल्या टीकेत या मुद्द्याला घरगुती दृष्टान्त दिला आहे: नुसत्या न दिसण्याने अभाव ठरत असेल, तर घराबाहेर पडलेल्या माणसाला घरची माणसे दिसेनाशी होताच ती नाहीतच असे मानावे लागेल.

मी पंचनामा आरंभला तो याच क्रमाने, बाहेरून आत. एलएसपीसीआय या आज्ञेने कार्ड जागेवर असल्याची खातरजमा झाली, म्हणजे इंद्रिय होते. आरएफकिल या आज्ञेने रेडिओवर कोणतीही बंदी नसल्याची ग्वाही दिली. आणि गाभा आपल्या कृतींची जी नोंद ठेवतो तीत, अनेक ओळींच्या मजकुरात, कार्डाला सुरू होतानाच जे फर्मवेअर भरवावे लागते ते मिळाले नाही, दोष उणे २, अशी कैफियत आढळली. मला येथे थांबावेसे वाटले. कारण या गाभ्याच्या कोशात ‘नाही’ला एकच अंक नाही: मागितलेली फाइल सापडत नसेल तर २, परवानगी नसेल तर १३, उपकरणच नसेल तर १९, आणि रेडिओ बंद ठेवल्यामुळे काम होत नसेल तर १३२. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव असे चार भेद केले ते शब्दच्छल म्हणून नव्हे. ज्या अभावाचा प्रकार कळला नाही त्याचा उपायही कळत नाही, हेच त्यामागील मर्म होते. माझा अभाव प्रागभावाच्या जातीचा होता, म्हणजे अद्याप न आलेल्याचा, आणि म्हणूनच आणल्याने संपणारा.

आणायचे कसे, हा मात्र पेच होता. फर्मवेअर मिळण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेट मिळण्यासाठी फर्मवेअर हवे, असा तो शुद्ध अन्योन्याश्रय. तो आतून सुटत नाही. यूएसबीच्या तारेने मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, की वर्तुळ भंगते. शिवाय अनेक कार्डांचे फर्मवेअर उत्पादक केवळ बंद स्वरूपात देतात, त्याचा मूलस्रोत कोणाला वाचता येत नाही. म्हणजे जिथे सर्व काही तपासता येते अशा प्रणालीतही एका ठिकाणी आप्तवाक्यावर विसंबावे लागते. १९९७ च्या सामाजिक करारात मुक्ततेची प्रतिज्ञा करणाऱ्या डेबियन प्रकल्पाने या प्रश्नावर दीर्घकाळ मंथन केले, २०२२ मध्ये मतदान घेतले आणि १० जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतिष्ठापन-माध्यमात समाविष्ट केले. तत्त्व त्यांनी सोडले नाही. जो भाग तपासता येत नाही तो वेगळ्या विभागात, स्वतंत्र नावाने ठेवला. श्रद्धा ठेवावी, पण ती कोठे ठेवली आहे याची नोंद दफ्तरी असावी, हा आदर्श मला धर्मजीवनातही अनुकरणीय वाटतो.

ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्याने आपले इंद्रिय, आपले मन आणि मधला आडपडदा यांची झडती आधी घेतली पाहिजे. परंतु तो सूक्ष्म आहे म्हणून दिसत नाही, असे म्हणणाराही तेवढ्याने मोकळा होत नाही, कारण सूक्ष्मतेच्या आश्रयाने वाटेल ते सिद्ध करता येईल. ती यादी करणाऱ्या ईश्वरकृष्णाने तिचा उपयोग ईश्वरासाठी नव्हे, प्रकृतीसाठी केला, आणि पुढच्याच कारिकेत तिच्या कार्यांकडे बोट दाखवून अनुमानाची जबाबदारी पत्करली. माझ्या टेबलावरचा मोबाइल हेच त्या अदृश्य लहरींचे कार्य होते. ज्याला असे कार्य दाखवता येत नाही आणि ज्याला आपली योग्यता सिद्ध करता येत नाही, त्या दोघांनीही ‘आहे’ व ‘नाही’ हे दोन्ही शब्द तूर्त राखून ठेवावेत, हीच माझ्या मते बौद्धिक सदाचाराची पहिली पायरी.

पहाटे फर्मवेअर बसले, कार्ड जागे झाले आणि यादीत नावे उमटली. ती चार होती. पाचवे नाव मोबाइलवर अजूनही दिसत होते. ते ५ गिगाहर्ट्झवर होते आणि माझे कार्ड तो पट्टा जाणत नाही. यावेळी मी ‘नाही’ म्हटले नाही. मला दिसत नाही, आणि का दिसत नाही ते ठाऊक आहे, एवढेच म्हटले.